मुक्कामी गाडी आणि पंधरा ऑगस्ट

दिवाळी अंकांची दिवाळी मे महिन्यातच सुरू होते. बाजारात कैऱ्या असतात, पोरांना सुट्ट्या असतात आणि संपादकांचे फोन यायला लागतात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला गेलंय. मला वाटलं, त्यातले चार दिवस आपल्याही वाट्याला येतील. संपादक म्हणाले, "पंचांग पुढे गेलं असेल ताई, प्रेस नाही गेला. पंधरा ऑगस्टपर्यंत मजकूर हातात हवा. आणि या वेळी कथा नको. कादंबरी द्या. छोटीच, पंचवीस-तीस हजार शब्द."

आजवर मी फक्त कथा लिहिल्या. कथा डोक्यात धरून भाजी चिरता येते, बँकेत जाता येतं, रात्री येऊन ती तिथूनच पुढे लिहिता येते. कादंबरी अशी डोक्यात मावत नाही, एवढं मला वाचक म्हणून ठाऊक होतं. तरी हो म्हटलं. संपादकांनी लगेच फोन ठेवला. बहुतेक माझा विचार बदलायच्या आत.

मराठीत ही वेठबिगारी जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाच्या कॅलेंडरात पावसाळा म्हणजे लिहिण्याचा हंगाम होऊन बसला. त्याच्याही आधी हरिभाऊ आपटे १८९० पासून स्वतःच्याच 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या चालवत होते. संपादक तेच, लेखक तेच. उशिराबद्दल ओरडायचं तर कुणी कुणाला ओरडायचं? अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९९९ साली एकवीस जणांनी मिळून महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची असा खेळ सुरू केला. पुढे तो जगभर पसरला, नोव्हेंबर हा त्याचा महिना ठरला आणि ऑक्टोबर तयारीचा. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण तिच्या तयारीच्या याद्या अजून नेटवर फिरताहेत: पात्रांचे तक्ते, प्रकरणांची कार्डं, नायिकेला कुठला रंग आवडतो, तिची सगळ्यात मोठी भीती कोणती. मी दोन संध्याकाळी ते तक्ते भरले. नायिकेचा आवडता रंग मोरपंखी निघाला. कादंबरी होती तिथेच. मग तक्ते बाजूला ठेवले. लिहिताना मागे वळून दुरुस्त्या करायच्या नाहीत, हा त्यांचा नियम मात्र मी उचललाय.

घाईत लिहिलेल्या कादंबरीचा विषय निघाला की रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीचं उदाहरण ठरलेलं. १८६५ साली पैशांच्या ओढगस्तीत त्याने स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी द्यायची. नाही दिली, तर पुढची नऊ वर्षं त्याचं सगळं लेखन प्रकाशकाने फुकट छापायचं. ऑक्टोबर उजाडला तेव्हा त्या कादंबरीचं एक पानही झालेलं नव्हतं, कारण दुसरी मोठी कादंबरी मासिकात क्रमशः चालू होती. मित्र म्हणाले, आपण सगळे एकेक प्रकरण लिहून देतो. त्याने नकार दिला. मग वीस वर्षांची लघुलेखिका आली, ॲना स्नित्किना. तो दिवसा सांगायचा, ती रात्री घरी जाऊन उतरवून काढायची. सव्वीस दिवसांत 'जुगारी' पुरी झाली. प्रकाशक मुद्दाम गाव सोडून गेलेला, त्याच्या माणसाने हस्तलिखित घ्यायला नकार दिला, म्हणून ते पोलीस ठाण्यात जमा करून तारखेची पावती घेतली. पुढल्या फेब्रुवारीत दोघांनी लग्न केलं.

गोष्ट इतकी रंगतदार आहे की सांगणारे तिथेच थांबतात. १८६३ च्या सप्टेंबरात त्याने रोमहून आपल्या मित्राला, स्त्राखोवला, पत्र लिहिलं होतं. परदेशात रखडलेला एक रशियन माणूस, त्याची सगळी ताकद रूलेटच्या टेबलावर खर्च होतेय, अशा कथेचा आराखडा त्या पत्रात सरळ दिलेला आहे. म्हणजे कादंबरी तीन वर्षं त्याच्या डोक्यात बसलेली होती आणि रूलेटवर हरणं तर त्याने खिशातून पैसे घालून शिकलेलं होतं. सव्वीस दिवस लागले ते सांगायला. आपल्याकडेही 'कोसला' पंधरवड्यात लिहून झाली असं सांगतात. तिथेही खानदेशातलं गाव आणि पुण्यातलं कॉलेज लेखकाने आधी जगून घेतलेलं होतं. दोन्ही गोष्टी ऐकून मला धीर यायच्या ऐवजी प्रश्न पडला: माझ्यात असं काय आधीच तयार होऊन बसलंय?

उत्तर घरातच चहा पीत बसलं होतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, सोलापूर विभागात. त्यांची सुरुवातीची वर्षं सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या मुक्कामी गाड्यांवर गेली. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री तालुक्याहून निघून शेवटच्या गावाला जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच पहिली म्हणून सुटणारी गाडी. या गाड्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलेय. तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे भाकरीचे डबे, टपालाची थैली, दुधाच्या किटल्या, बाळंतपणाला निघालेली बाई, सगळं त्याच गाडीने जायचं. आणि साल १९७२. त्या सालाबद्दल आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. बहात्तर म्हटलं की दुष्काळच.

विषय मिळाला तसं मी तेच केलं जे कुणीही केलं असतं. ग्रंथालयात जाऊन बसले. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, गॅझेटियर, दुष्काळावरचे अहवाल. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. हजेरीपटावर नाव लागलं तर पोट भरायचं. मुलांना सुकडी, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. वही भरत चालली. मुकादम, ओव्हरसिअर, तहसीलदार, गुरांच्या छावण्या, सगळ्यांना कादंबरीत जागा हवी होती. एवढा पसारा मांडायचा तर मला पंधरा ऑगस्ट नको, पुढची तीन वर्षं हवी होती.

तयारीतला हा भाग फार गोड असतो, हे सांगून टाकते. लिहीत नसताना लिहिल्याचं समाधान देणारं दुसरं काही नाही. चार वाजता ग्रंथालयातून बाहेर पडावं, कोपऱ्यावर चहा घ्यावा, आज खूप काम झालं असं वाटावं. झालेलं काहीच नसतं.

सुटका वेळापत्रकाने केली. आबांना विचारलं, गाडी गावात किती वाजता पोचायची? म्हणाले, "साडेआठ-नऊ. आणि पहाटं साडेपाचला डबल बेल." मी पुन्हा विचारलं, मग दिवसा गाव कसं दिसायचं? "मला काय म्हाईत? मी दिवसा कधी बघितलंय? उन्हाळ्यात निघताना जरा फटफटलेलं असायचं, तेवढंच."

माझ्या कादंबरीचा सांगाडा तिथे हातात आला. कंडक्टर हा सांगणारा धरला, तर दुष्काळी काम त्याला दिसणारच नाही. ते फक्त रात्री पारावर ऐकू येईल, अर्धवट, कुणाच्या तरी तोंडून, कुरबुरीसकट. त्यामुळे खडीचे भाव मला माहीत नसले तरी चालेल. पाझर तलाव कसा बांधतात तेही. तहसीलदार आपोआप गळाला. कादंबरी फक्त रात्रींची: गाडी येते, गाडी जाते, मधला अंधार तेवढा आपला. वहीतली तीन चतुर्थांश पानं मी रबर लावून बंद केली. वेळ कमी असला की सांगणाऱ्याची नजर जेवढी अरुंद तेवढं बरं, असं माझं मत झालंय. ज्यांना पाच वर्षं आहेत त्यांनी खुशाल गावावरून गरुडासारखं उडावं.

उरलेल्या रात्रींसाठी मात्र बारीक गोष्टी चोख हव्यात, कारण निवृत्त कंडक्टर हा महाराष्ट्रातला सगळ्यात कडक समीक्षक आहे. आबांना पहिलं पान वाचून दाखवलं, त्यात कंडक्टर तिकीट फाडून देतो असं होतं. "फाडतोय काय? ट्रेमधनं काढतो, पंच करतो. फाडायला ते काय रद्दीचं दुकान हाय?" मग एका रविवारी तास-दोन तास फक्त हत्यारांची झडती झाली. तिकिटांचा ट्रे, पंच, चामड्याची बॅग, वे-बिल, कुठल्या टप्प्याला किती तिकिटं गेली ते लिहिण्याची पद्धत, चेकर चढला की पोटात येणारा गोळा, सुट्टे नसले की तिकिटामागे बाकी लिहून देणं. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. पावसात दोरी फुगते आणि घंटी वाजत नाही, मग पत्र्यावर पंच आपटायचा. हे कुठल्या अहवालात मिळालं असतं?

काळाचंही तसंच. त्या घरांच्या भिंतीवर कालनिर्णय टांगता येणार नाही, ते १९७३ पासून निघायला लागलं. मुंबईला टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे या गावाच्या दृष्टीने तो चंद्रावर आला. बातमी येईल ती रेडिओवरून, नाहीतर गाडीतून. बहात्तर सालीही अधिक महिना होता, अधिक वैशाख. म्हणजे त्या वर्षी मृगाची वाट बघणं आधीच लांबलेलं वाटलं असणार, आणि पुढे पाऊस आलाच नाही. पात्रांची नावं हौसा, सत्यभामा, तानाजी, बाबू. सासुरवाशिणीला तर नावही फारसं लागत नाही, किसनची आई म्हटलं की झालं.

मधल्या काळात बोलून लिहायचाही प्रयोग झाला. घरात ॲना नाही, पण मोबाइल आहे. बोललेलं तो मराठीत उतरवतो, आणि बरं उतरवतो. फक्त त्याला माणदेशी बोलणं सहन होत नाही. मी "न्हाय" म्हटलं की तो "नाही" लिहितो, "कवा" म्हटलं की "कधी". एक अख्खं भांडण त्याने सदाशिव पेठेत नेऊन ठेवलं. संवाद हाताने, बाकी बोलून, अशी वाटणी केली आहे. पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा आहे, त्यात कुकरची पहिली शिट्टीसुद्धा धरलेली. रोजचे हजार शब्द पकडले तर तारखेआधी आठवडाभर उसंत मिळते. ती मिळणार नाही हेही माहीत आहे.

गाठ मात्र अजून नव्हती. रात्री आहेत, गाडी आहे, माणसं आहेत, पण कादंबरी कशाभोवती फिरणार? तेही आबांकडूनच निघालं, आणि त्यांच्या लेखी ती गोष्ट नव्हतीच. गाडी चढाला तापायची, असं काहीतरी सांगत होते. म्हणाले, "सकाळी रेडिएटरला बादलीभर पाणी लागायचंच. आणि गावात तर प्यायला न्हाई. रोज कुणाच्या ना कुणाच्या हिश्श्यातली बादली आमच्या इंजनात." मी विचारलं, देत होते? "देत्यात न्हाईतर काय. गाडी न्हाई निघाली तर डबे कसं जाणार, आजारी माणूस कसा जाणार? पण शिव्या घालून द्यायचे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गावाने गाडीसाठी लावलेली बादलीची पाळी. कुणाची पाळी कधी, कोण चुकवतं, कोण दुसऱ्याच्या रांजणातलं काढून देतं. पत्र्याची एक बादली घेऊन गावातल्या प्रत्येक दारावर जाता येईल. कादंबरीला याहून जास्त काय लागतं?

लागतं. बादली आली की विहीर आली आणि विहीर आली की कुणाची विहीर, हे आलं. साल १९७२. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर बहिष्कार पडला. मी आबांना विचारलं, गाडीला पाणी कुठल्या विहिरीचं यायचं? ते म्हणाले, "यायचं कुठलं तरी," आणि पेपर उघडला. आबा बोलायचे थांबले की पेपर उघडतात.

तेव्हा मी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकाकांकडे गेले. ते आता मुलाकडे, सोलापुरात असतात. दोघांनी कित्येक वर्षं एका गाडीवर काढलेली. आमच्या घरच्या लग्नकार्यात काका पहिल्या पंगतीला असायचे. मी तेच विचारलं. काका हसले. "इंजनाला कुठल्याबी विहिरीचं पाणी चालायचं. अडचण माझी व्हायची."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सहज, जसं आबा तिकिटाचं सांगतात तसं. कंडक्टर रात्री देवळाच्या ओवरीत झोपायचा, ड्रायव्हर गाडीतच, मागच्या लांब सीटवर. बादली देवळापाशी यायची, तिथून ती बॉनेटपर्यंत आबा आणायचे. ओतायचं काम काकांचं, पण वरून, बादलीला हात न लागता. त्यासाठी त्यांनी एक डबडं ठेवलेलं होतं. गावाने असं कधी मोठ्याने सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. "तुझा बाप चांगला माणूस," काका म्हणाले, "भाकरी आली की निम्मी माझ्याकडं घेऊन यायचा. पण का आणावी लागती, ते त्यानं कधी विचारलं न्हाई. मीबी न्हाई."

आबांनी हीच गोष्ट लहानपणापासून मला अशी सांगितली होती: ड्रायव्हरला गाडीत झोपायला आवडायचं, डिझेलची राखण होते म्हणून.

माझा सोयीचा सांगाडा इथे वेगळाच दिसायला लागला. मी कंडक्टर निवडला तो त्याला कमी दिसतं म्हणून. आता कळतंय की त्याला न दिसलेल्या गोष्टींत अंधारामुळे न दिसलेल्या किती आणि बघितल्याच नाहीत अशा किती, हीच कादंबरी आहे. क्षणभर वाटलं, सगळं मोडावं आणि ड्रायव्हरच्या तोंडून लिहावं. पण त्या माणसाच्या आत शिरायला मला ऑगस्ट पुरणार नाही, आणि दोन-चार भेटींच्या जोरावर त्याचा "मी" आपण वापरावा हे मला पटतही नाही. मराठीत तो "मी" ज्यांचा आहे त्यांनी तो स्वतः लिहिला आहे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जोरकस. माझ्या हातात आहे तो कंडक्टर. त्याची ओवरी, त्याची निम्मी भाकरी, त्याचा पेपर उघडून बसण्याचा स्वभाव. तेव्हा सांगणारा तोच राहील. फक्त वाचकाला त्याच्यापेक्षा थोडं जास्त दिसलं पाहिजे, आणि ते त्याच्याच वाक्यांतून. हे जमणं कठीण आहे. तक्त्यांत याच्यासाठी रकाना नव्हता.

काकांना मी विचारलं, हे लिहू का? म्हणाले, "लिही. नाव बदल. आणि गाडीचा नंबर टाकू नको, डेपोतली पोरं अजून वळखत्याल." आबांना विचारायचं राहिलं आहे. ते रोज संध्याकाळी "किती झालं?" म्हणून विचारतात, मी आकडा सांगते, ते मान डोलवतात. तिसरं प्रकरण वाचून दाखवायची वेळ येईल तेव्हा काय होईल मला माहीत नाही. तिकीट-पंचाच्या चुका काढतील, हे नक्की.

काल संपादकांचा मेसेज आला, अंकाच्या जाहिरातीसाठी कादंबरीचं नाव कळवा. कादंबरीच्या आधी नाव छापून येणार ही दिवाळी अंकांची जुनी रीत. 'मुक्कामी' असं कळवलं आहे, दुसरं सुचेपर्यंत. आता मात्र लिहायला थेट तिसऱ्या प्रकरणापासून बसणार. बादली पहिल्यांदा येते ती रात्र तिथे आहे, त्यातली माणसं मला ऐकू येताहेत, आणि पहिल्या प्रकरणात कुणाकुणाला गाडीतून उतरवून ठेवायला हवं हे ती रात्र लिहून झाल्याशिवाय कळायचं नाही. सोमवारची सकाळची शिफ्ट मी एका मैत्रिणीशी बदलून घेतली आहे.